रिकामा रकाना आणि दुरुस्तीची आज्ञा

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टराचे स्थान काय आहे, हे कोणाही शिक्षकास सांगावयास नको. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मस्थळ यांची त्यातील नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, आणि तो दाखला त्या मुलाबरोबर आयुष्यभर चालतो. म्हणूनच या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करावयाची झाल्यास जुनी नोंद वाचता येईल अशी एकच रेघ तीवर मारावयाची, नवी नोंद तांबड्या शाईने लिहावयाची, शेजारी सही व तारीख घालावयाची. आणि नोंद नावाची, जन्मतारखेची किंवा जातीची असेल तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची, ही शिस्त मुख्याध्यापकांच्या अंगवळणी पडलेली असते.

कागदाचा आणखी एक गुण आहे, तो मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लेखणी ज्या चौकटीवर टेकली, तेवढीच चौकट बदलते. एका मुलाचे वजन लिहिताना शेजारच्या ओळीतील मुलाचे वजन आपोआप पुसले गेले, असे कागदावर कधी घडत नाही. आणि एखादा रकाना शिक्षकाने कोरा सोडून दिला, म्हणून त्यातील जुना मजकूर नाहीसा झाला, असेही घडत नाही.

संगणकावर या दोन्ही गोष्टी घडू शकतात. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली सुरू झाली, आणि २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली. तेव्हापासून खेड्यातील शिक्षकही पडद्यावरील रकाने भरून ‘जतन करा’ ही कळ दाबीत आला आहे. शिवाय स्वतःच्या शाळेपुरता एखादा लहानसा प्रोग्राम हौसेने तयार करणारे शिक्षकही आता आढळतात. कळ दाबल्यापासून नोंद बदलेपर्यंत मध्ये काय घडते हे कळले, तर पहिल्या प्रकारच्या शिक्षकास नोंद कोठे बिघडली ते ताडता येईल, आणि दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकाच्या हातून ती बिघडणार नाही.

संगणकातील माहितीचा साठा, ज्यास डेटाबेस म्हणतात, तो दिसावयास हजेरीपटासारखाच असतो. आडव्या ओळी आणि उभे रकाने मिळून एक तक्ता होतो. माहिती अशा तक्त्यांच्या रूपाने ठेवावी हा विचार एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडला. त्या तक्त्यांशी बोलण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली पुढे आणली. तीच आजची एसक्यूएल. पडद्यावरील रकान्यांतील मजकूर हाती घेऊन त्यापासून एसक्यूएलचे वाक्य रचावयाचे, हे काम दुसऱ्या भाषेचे. अशा भाषांपैकी पीएचपी ही रास्मुस लेर्डोर्फ याने १९९५ साली जगापुढे ठेवली, आणि आजही असंख्य संकेतस्थळांमागे तीच राबत असते. पुढील विवेचन तिच्याच आधाराने केले आहे.

दुरुस्तीच्या आज्ञेचे नाव ‘अपडेट’. तिचे वाक्य मराठी अक्षरांत लिहिले तर असे दिसेल:

अपडेट विद्यार्थी सेट उंची = १२४, वजन = २३ व्हेअर क्रमांक = ४१७

‘विद्यार्थी’ नावाच्या तक्त्यात, रजिस्टर क्रमांक ४१७ ज्या ओळीत आहे त्या ओळीत, उंची १२४ व वजन २३ असे लिहावे, एवढाच याचा अर्थ. ‘सेट’नंतर काय बदलावयाचे ते येते, आणि ‘व्हेअर’नंतर कोणाचे बदलावयाचे ते येते. आता यातील शेवटचे तीन शब्द गाळले तर काय होईल? संगणक तक्रार करीत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्णच आहे. कोणाचे ते सांगितले नाही, त्या अर्थी सर्वांचेच, असे तो समजतो. आणि पहिलीतल्या मुलीपासून आठवीतल्या मुलापर्यंत साऱ्या शाळेचे वजन २३ किलो होते. वर्गात ‘वही काढा’ म्हटले की सारा वर्ग वही काढतो; ‘सदाशिव, वही काढ’ म्हटले की एकटा सदाशिव काढतो. संगणक हा असा आज्ञाधारक वर्ग आहे.

ही चूक नवशिक्याचीच असते असे नव्हे. मायएसक्यूएल नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसबरोबर मिळणाऱ्या आज्ञा-खिडकीत, ओळ निश्चित न करता दिलेली अपडेटची आज्ञा नाकारावी, अशी एक सोय ठेवलेली आहे. तिचे अधिकृत नाव ‘सेफ अपडेट्स’. आणि तिलाच रचनाकारांनी थट्टेने दिलेले दुसरे नाव ‘आय अ‍ॅम अ डमी’, म्हणजे ‘मी मठ्ठ आहे’ असे आहे. स्वतःला मठ्ठ म्हणवून घेण्यात काही कमीपणा नाही हे ज्यास पटले, त्याचे तक्ते सुरक्षित राहतात.

परंतु खरी अडचण ठरीव वाक्यात नसून प्रसंगानुसार रचावयाच्या वाक्यात आहे. समजा, विद्यार्थ्याच्या माहितीच्या पडद्यावर दहा रकाने आहेत. आरोग्य तपासणीच्या दिवशी वर्गशिक्षकाने त्यांपैकी उंची व वजन एवढे दोनच भरले आणि ‘जतन करा’ दाबले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दहाही रकान्यांचे एक ठरीव वाक्य करून ठेवले असेल, तर उरलेल्या आठ रकान्यांत कोरेपणा लिहिला जाईल. पालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक गेला, बँकेचा खाते क्रमांक गेला. आणि ही गोष्ट त्या दिवशी कोणास कळणार नाही. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नाही म्हणून पालक शाळेत येईल, तेव्हा ती कळेल.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे रकाने जुन्या माहितीने आधीच भरून दाखवावेत. हा उपाय चांगला असला तरी पुरा नाही. मुख्याध्यापकांनी दहा वाजता एका मुलाचा पडदा उघडला; सव्वादहाला वर्गशिक्षिकेने दुसऱ्या संगणकावरून त्याच मुलाचा भ्रमणध्वनी क्रमांक बदलला; साडेदहाला मुख्याध्यापकांनी फक्त पत्ता दुरुस्त करून जतन केले. त्यांच्या पडद्यावर दहा वाजताचा जुना क्रमांक होता, तोही पुन्हा लिहिला गेला. बाईंची दुरुस्ती पंधरा मिनिटे टिकली. दोघांपैकी कोणाचीही चूक नाही.

यास्तव जेवढे बदलावयाचे तेवढेच वाक्यात आले पाहिजे, आणि तसे वाक्य प्रत्येक वेळी नव्याने रचले पाहिजे. रचनेची रीत साधी आहे. प्रोग्रामने दोन कोऱ्या याद्या घ्याव्यात. एकेका रकान्याजवळ जाऊन ‘येथे काही दिले आहे काय, आणि ते जुन्याहून निराळे आहे काय?’ असे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर पहिल्या यादीत ‘वजन = ?’ असा तुकडा ठेवावा आणि दुसरीत २३ हे मूल्य ठेवावे. सर्व रकाने संपल्यावर पहिल्या यादीतील तुकडे स्वल्पविरामाने जोडावेत. जोडण्याचे हे काम पीएचपीमध्ये ‘इम्प्लोड’ नावाची क्रिया करते, आणि ती स्वल्पविराम तुकड्यांच्या मध्येच घालते. जे प्रत्येक तुकड्यापाठी हाताने स्वल्पविराम लावीत जातात, त्यांच्या वाक्याच्या शेवटी एक अनाथ स्वल्पविराम उरतो आणि डेटाबेस ते वाक्य परत करतो. यादी रिकामीच राहिली तर आज्ञा पाठवूच नये. ‘सेट’पुढे काहीच नसलेले वाक्य अशुद्ध असते. शेवटी ‘व्हेअर क्रमांक = ?’ जोडावे व दुसऱ्या यादीच्या टोकास ४१७ ठेवावे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. ‘सेट’चा भाग असा प्रसंगानुसार जमविण्याची सवय लागली की प्रोग्राम लिहिणारा ‘व्हेअर’चा भागही तसाच जमवू लागतो: क्रमांक आला असेल तर तो जोडावा, इयत्ता आली असेल तर ती जोडावी. नुसती माहिती शोधताना ही रीत उत्तम आहे. काहीच न दिल्यास सारी यादी दिसते, बिघडत काही नाही. दुरुस्तीत मात्र काही कारणाने क्रमांक आलाच नाही, तर ‘व्हेअर’ अजिबात गळून पडतो आणि साऱ्या शाळेचे वजन २३ किलो होते. काय बदलावयाचे ते ऐच्छिक असू शकेल. कोणाचे बदलावयाचे ते ऐच्छिक असता कामा नये. क्रमांक नसेल तेथे प्रोग्रामने थांबावे व तसे स्पष्ट सांगावे.

आता ‘येथे काही दिले आहे काय?’ हा प्रश्न. तो दिसतो तितका सोपा नाही, आणि शिक्षकाइतका तो दुसऱ्या कोणास चटकन समजणारही नाही. गुणपत्रकात एका मुलापुढे ० आहे, दुसऱ्यापुढे ‘गैरहजर’ आहे, तिसऱ्यापुढे कोरे आहे. पहिला परीक्षेस बसला व त्यास काही आले नाही. दुसरा बसलाच नाही. तिसऱ्याची उत्तरपत्रिका अद्याप तपासावयाची आहे. हे तिघे एक नव्हेत. परंतु पीएचपीमध्ये ‘एम्प्टी’ नावाची, म्हणजे ‘रिकामे आहे काय’ असे विचारणारी जी क्रिया आहे, ती ० या अक्षरालाही रिकामेच समजते. तिच्यावर विसंबून यादी केली तर शून्य गुण कधीच नोंदले जाणार नाहीत. आधी चुकून १० लिहिले होते ते दुरुस्त करून ० करावयाचे ठरविले, तर दहाच राहतील, आणि पडदा मात्र ‘नोंद जतन झाली’ असे सांगेल. गंमत अशी की ‘०.०’ असे लिहिल्यास तीच क्रिया ते भरलेले समजते! म्हणून रकाना मुळात पडद्याकडून आला आहे काय, आणि त्यातील मजकूर अगदी कोरा आहे काय, असे दोन निरनिराळे प्रश्न विचारावेत, आणि शून्याला शून्य म्हणून मान द्यावा.

डेटाबेसच्या बाजूस कोरेपणासाठी ‘नल’ नावाचे एक स्वतंत्र चिन्ह आहे. ते शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. ‘ठाऊक नाही’ असा त्याचा भाव आहे. त्यामुळे त्याची तुलनाही कशाशी होत नाही. ‘व्हेअर वजन = नल’ असे विचारल्यास एकही ओळ सापडत नाही, कारण ठाऊक नसलेले वजन ठाऊक नसलेल्या वजनाइतके आहे की नाही, हेही ठाऊक नसते. त्यासाठी ‘इज नल’ असा निराळा प्रयोग करावा लागतो. अंकांच्या रकान्यात कोरा शब्द पाठविला तर मायएसक्यूएल पूर्वी गुपचूप ० लिहून मोकळे होत असे. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून, रचना मुद्दाम सैल केली नसेल तर, ते अशी नोंद नाकारते. शून्य किलो वजनाचे मूल यादीत दिसले तर दोष कोठे शोधावा, ते यावरून कळावे.

खुणेच्या चौकटीची तऱ्हा तर याहून वेगळी. ‘वसतिगृहात राहतो’ यापुढील चौकटीत खूण असेल तर ती पडद्याकडून प्रोग्रामकडे जाते. खूण काढली तर चौकट मुळी जातच नाही. ‘जे आले तेवढेच बदला’ हा नियम येथे पाळला तर एकदा केलेली खूण कधीही निघणार नाही. म्हणून अशा चौकटीच्या आधी त्याच नावाचा, ० हे मूल्य असलेला एक अदृश्य रकाना ठेवतात. खूण असली तर पाठोपाठ येणारे मूल्य त्यावर मात करते. नसली तर निदान शून्य तरी पोहोचते.

काही जण वाक्य नव्याने रचण्याच्या भानगडीत न पडता ‘वजन = कोअलेस(?, वजन)’ असे लिहितात. नवे मूल्य नल असेल तर जुनेच ठेव, असा त्याचा अर्थ. वाक्य ठरीव राहते, ही सोय आहे. पण चुकून भरलेली माहिती पुसून ठाऊक नाही असे लिहिण्याचा मार्ग त्यात बंद होतो.

एकाच आज्ञेने पुष्कळ मुलांच्या नोंदी, प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे, बदलावयाच्या असतील तर अट वाक्याच्या आतच घालता येते. गुणांवरून श्रेणी देणे हे याचे उदाहरण. ‘केस’ या शब्दाने आरंभ करून, गुण ९१ वा अधिक असल्यास अ-१, ८१ वा अधिक असल्यास अ-२, ७१ वा अधिक असल्यास ब-१, अशा पायऱ्या उतरत जावयाच्या. संगणक वरून खाली जातो आणि जी पहिली अट खरी ठरेल तेथे थांबतो. पायऱ्या उलट क्रमाने लिहिल्या तर ९५ गुणांचा मुलगाही अगदी खालच्या श्रेणीत अडकतो. आणि शेवटी ‘एल्स’ लिहून उरलेल्यांची व्यवस्था केली नाही तर त्यांच्या श्रेणीच्या जागी नल येते. आधीची श्रेणी असली तरी ती जाते.

वरील वाक्यांत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले आहे, ते का, हे आता पाहावे. मूल्य वाक्यात सरळ चिकटविले तर एसक्यूएलमध्ये ते एकेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते. वसईकडील किंवा गोव्याकडील डिसोझा आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर वर एक स्वल्पचिन्ह देतात. ते चिन्ह येताच डेटाबेसला वाटते, नाव संपले. आणि उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग म्हणून वाचली जातात. त्या मुलाची नोंद जतन होत नाही, आणि का होत नाही हे कोणास उमगत नाही. जे येथे आडनावाने नकळत घडते, तेच दुष्ट हेतूने मुद्दाम घडविता येते. रकान्यात आज्ञेचे तुकडे लिहून दुसऱ्याचा डेटाबेस आपल्या तंत्राने चालविण्याची ही युक्ती १९९८ साली जेफ फॉरिस्टल याने एका नियतकालिकातून जाहीरपणे वर्णन केली, आणि आजही ती संपलेली नाही. प्रश्नचिन्हाच्या रीतीत वाक्य व मूल्य निरनिराळी ठेवली जातात. मूल्यात काहीही असले तरी ते मूल्यच राहते. पीएचपीमध्ये २००५ पासून पीडीओ या नावाने ही सोय उपलब्ध आहे. पूर्वीची ‘मायएसक्यूएल’ नावाचीच क्रियांची मालिका, जिच्यात ही सोय नव्हती, २०१५ साली सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकण्यात आली. जुन्या पुस्तकांतून व नमुन्यांतून ती अजून भेटते. तिची नक्कल करू नये.

मात्र प्रश्नचिन्ह मूल्याच्याच जागी चालते, रकान्याच्या नावाच्या जागी चालत नाही. वाक्य प्रसंगानुसार रचताना रकान्यांची नावे पडद्याकडून जशी येतील तशी जोडली, तर पडद्यावर न दाखविलेला रकानाही बाहेरचा मनुष्य पाठवू शकतो. उंची-वजनाबरोबर जन्मतारीखही पाठविली तर तीही बदलेल. म्हणून कोणते रकाने या पडद्यावरून बदलता येतील याची एक यादी प्रोग्राममध्येच लिहून ठेवावी लागते, आणि त्या यादीत नसलेले नाव, ते कोठूनही आले तरी, टाकून द्यावे लागते. ही यादी संगणकतज्ज्ञास एकट्याने करता येणार नाही. उंची, वजन, पत्ता, भ्रमणध्वनी हे वर्गशिक्षकाने बदलावयाचे. नाव, जन्मतारीख, जात हे परवानगीवाचून कोणीच बदलावयाचे नाही. ही विभागणी ज्याने जनरल रजिस्टर सांभाळले आहे त्यासच ठाऊक असते. तांबड्या शाईचा नियम प्रोग्राममध्ये उतरावयाचा असेल तर तो येथेच उतरतो.

दोघांनी एकाच वेळी केलेल्या दुरुस्तीचा प्रश्नही येथेच सुटतो. प्रत्येक ओळीस ‘आवृत्ती’ नावाचा एक रकाना द्यावा, आणि प्रत्येक दुरुस्तीत तो एकाने वाढवावा. आज्ञेत ‘व्हेअर क्रमांक = ? अँड आवृत्ती = ?’ असे लिहून, पडदा उघडताना जी आवृत्ती होती ती पाठवावी. मध्ये कोणी बदल केला असेल तर आवृत्ती जुळणार नाही व एकही ओळ बदलणार नाही. किती ओळी बदलल्या हा आकडा आज्ञेनंतर विचारता येतो. तो ० आला तर ‘ही नोंद दरम्यान बदलली आहे, पुन्हा पाहावी’ असे शिक्षकास सांगावे. आवृत्तीचा रकाना नसेल तर मात्र या शून्यावर भिस्त ठेवू नये. जुने व नवे मूल्य एकच असले तरी मायएसक्यूएल सामान्यतः ० हाच आकडा देते.

जुन्या नोंदीवरील एक रेघ संगणकात आपोआप उमटत नाही. त्यासाठी कोणता रकाना, जुने मूल्य, नवे मूल्य, कोणी व केव्हा, हे लिहिणारा दुसरा तक्ता ठेवावा लागतो. मूळ दुरुस्ती व ही टाचण या दोन आज्ञा एकाच व्यवहारात बांधाव्यात, म्हणजे दोन्ही घडतील किंवा एकही घडणार नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धे काम उरत नाही; आणि खेड्यातील शाळेत वीज केव्हा जाईल हे कोणी सांगावे?

ज्या शिक्षकांनी स्वतःचा प्रोग्राम केला आहे त्यांनी पाच कल्पित मुलांचा एक तक्ता करून त्यावर पुढील गोष्टी करून पाहाव्यात. एकाचे गुण १० वरून ० करावेत. दुसऱ्याचे फक्त वजन भरून बाकी सारे कोरे सोडावे. तिसऱ्याची वसतिगृहाची खूण काढावी. चौथ्याचे आडनाव रोमन लिपीत चिन्हासह लिहावे. पाचव्याचा पडदा दोन खिडक्यांत उघडून दोहोंकडून निरनिराळा बदल जतन करावा. शेवटी विद्यार्थी क्रमांक न देता आज्ञा पाठवावी. प्रत्येक वेळी पडद्यावरील ‘नोंद जतन झाली’ या शब्दांवर न थांबता तक्ता उघडून पाचही ओळी वाचाव्यात. खऱ्या तक्त्यावर हाताने दुरुस्ती करण्याचा प्रसंग आलाच, तर आधी तोच ‘व्हेअर’ वापरून नुसती माहिती मागवावी, किती ओळी आल्या ते मोजावे, आणि मोजदाद जमली तरच ‘अपडेट’ लिहावे.